हजरत जकरिया (अ.स.) : आठव्या तुकडीतले बुजुर्ग

हजरत जकरिया अलैहिस्सलाम यांचं नाव आपल्या घरांत पोहोचलं ते त्यांच्या दुआमुळे. औलाद नसलेल्या जोडप्याला एखादी नानी किंवा मोहल्ल्यातले एखादे मौलाना सूरह अंबियामधली ती छोटी दुआ पढायला सांगतात, आणि जकरिया नबींचा किस्साही थोडक्यात सांगतात. म्हातारपण, पांढरे केस, वांझ बीवी, आणि मग यह्या (अ.स.) यांची बशारत. किस्सा इथे संपतो. पण मुलं वर्गात बसली की वेगळेच सवाल करतात. जकरिया नबी काम काय करायचे? मिहराबमध्ये ते का उभे होते? बीबी मरियमची जबाबदारी कोणी घ्यायची यासाठी कलम टाकून कुरआ काढायची वेळ का आली? आणि आपल्यामागे आपल्या भाऊबंदांचं काय होईल, ही भीती त्यांना कशाची होती?

या सवालांची उत्तरं शोधायची तर बैतुल मुकद्दसमधल्या त्या काळच्या इबादतगाहची व्यवस्था समजून घ्यावी लागते. उर्दूत आपण तिला हैकल म्हणतो. कुरआन मजीदने या किस्स्यातला आपल्या उपयोगाचा भाग सांगितला आणि बाकीचा सोडून दिला. बाकीचा भाग यहुद्यांच्या जुन्या किताबांत, इ.स. 200 च्या सुमारास एकत्र केलेल्या मिश्ना नावाच्या संग्रहात, योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या लिखाणात आणि लूकच्या इंजीलमध्ये सापडतो. असल्या रिवायतींबद्दल आपल्या उलमांचा नियम सरळ आहे. कुरआन आणि हदीसशी जे जुळतं ते मानायचं, जे विरुद्ध जातं ते सोडायचं, आणि बाकीच्याला खरंही म्हणायचं नाही, खोटंही म्हणायचं नाही. हा नियम लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

सुरुवात हजरत मूसा आणि हजरत हारून (अ.स.) यांच्यापासून करावी लागते. बनी इसराईलच्या बारा कबिल्यांपैकी लावी कबिल्याला शेतजमिनीचा स्वतंत्र मुलूख मिळाला नाही. इबादतगाहची खिदमत हाच त्यांचा हिस्सा, आणि बाकीच्या कबिल्यांनी पिकाचा दहावा भाग त्यांना द्यायचा. या लावींमध्येही कुरबानगाहवर उभं राहण्याचा हक्क फक्त हारून (अ.स.) यांच्या पुरुष वंशजांना. त्यांना इब्रानी भाषेत कोहेन म्हणतात. आपल्या अरबीत त्याच मुळाचा शब्द काहिन आहे, पण त्याचा अर्थ भविष्य सांगणारा, आणि इस्लामने त्याच्याकडे जायला मना केलं. शब्दाचं मूळ एकच, अर्थ मात्र अगदी दूर गेले. त्यामुळे या लेखात मी त्यांना खादिम म्हणणार आहे.

हारून (अ.स.) यांचा वंश वाढत गेला आणि अडचण उभी राहिली. इबादतगाह एक, कुरबानगाह एक, आणि हक्क सांगणारे शेकडो, पुढे हजारो. यहुदी किताबांत ही गाठ सोडवण्याचं श्रेय हजरत दाऊद (अ.स.) यांना दिलं आहे. सुलेमान (अ.स.) यांनी इमारत बांधली त्याच्याही आधी दाऊदनी खादिमांच्या घराण्यांची मोजणी करवली. हारूनच्या एका मुलाच्या, इलियाजरच्या, वंशात 16 घराण्यांचे प्रमुख निघाले आणि दुसऱ्या मुलाच्या, ईतामारच्या, वंशात 8. अशा एकूण 24 तुकड्या झाल्या. आता पहिली कोण आणि शेवटची कोण? त्यासाठी कुरआ टाकला. राजा आणि सगळे सरदार समोर बसलेले, आणि लावी कबिल्यातला एक मुन्शी एकेक नाव लिहून घेतोय. मोठ्या घराण्याला वरचा नंबर नाही, छोट्याला खालचा नाही. पहिली चिठ्ठी यहोयारीब घराण्याची निघाली. आठवी निघाली अबियाह घराण्याची. लूकच्या इंजीलनुसार हजरत जकरिया याच आठव्या तुकडीतले होते.

एकेका तुकडीची पाळी एक आठवडा. पाळी बदलायची सब्तच्या दिवशी, म्हणजे शनिवारी. तोच शनिवार, जो पाळल्यामुळे आपल्या रायगडकडच्या बेने इस्राएल शेजाऱ्यांना लोक शनवार तेली म्हणायचे. सकाळची खिदमत जाणारी तुकडी करायची, संध्याकाळची येणारी. आत सोन्याच्या मेजावर आठवडाभर ठेवलेल्या बारा रोट्या त्या दिवशी उतरवल्या जात आणि दोन्ही तुकड्यांत वाटल्या जात. चोवीस तुकड्या म्हणजे एकेका तुकडीला साधारण सहा महिन्यांनी पाळी. वर्षाचे दोन आठवडे, आणि शिवाय तीन मोठ्या सणांना चोवीसही तुकड्यांनी हजर राहायचं, कारण तेव्हा यात्रेकरूंची गर्दी एका तुकडीला आवरणारी नसायची. तुकडीच्या आतही पोटविभाग होते. एका तुकडीत चार ते नऊ कुटुंबं असायची आणि आठवड्याचे दिवस त्यांच्यात वाटलेले. शाळेत आम्ही परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं वेळापत्रक लावतो तेव्हा तीस माणसांतही रुसवेफुगवे होतात. इथे तर हजारो माणसांचं वेळापत्रक शेकडो वर्षं चाललं होतं.

सरळ मात्र चाललं नाही. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबिलचा बादशहा बुख्तनस्सर याने सुलेमानी इमारत उद्ध्वस्त केली आणि लोकांना कैद करून नेलं. सुमारे अर्ध्या शतकानंतर परत यायची परवानगी मिळाली, तेव्हा परतलेल्यांच्या यादीत खादिमांची फक्त चार घराणी होती. माणसं मोजली तर 4,289. यहुदी रिवायत सांगते की या चारांमधूनच पुन्हा चोवीस तुकड्या पाडल्या, पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, आणि जुनीच नावं नव्या तुकड्यांना दिली. परतलेल्या चार घराण्यांत अबियाहचं नाव नाही. म्हणजे हे खरं असेल तर जकरिया (अ.स.) यांच्या तुकडीला अबियाह हे नाव वंशाने नव्हे, चिठ्ठीने आलं असणार. वंशावळीवर गर्व करणाऱ्यांनी हा तपशील जरा थांबून वाचावा.

रोजचं काम कसं चालायचं, याचं वर्णन मिश्नामध्ये फार बारकाईने आलंय. पहाटे कुरबानगाहवरची रात्रीची राख काढायची, हे दिवसाचं पहिलं काम. आधी त्याला कुरआ नव्हता. ज्यांना हौस ते कुरबानगाहच्या उतारावरून वर धावत सुटायचे. जो पुढे जाईल त्याला मान. एके दिवशी दोघे बरोबरीने धावत चढले, एकाने दुसऱ्याला ढकललं आणि पडणाऱ्याचा पाय मोडला. तेव्हा तिथल्या काझींनी ठरवलं की आता धावाधाव बंद, या कामालाही कुरआ. खिदमतीच्या हौसेतही माणूस माणसाला ढकलतो, ही गोष्ट त्यांनी किताबात लपवली नाही, हे मला आवडतं.

कुरआ टाकायची तऱ्हाही वेगळी. खादिम गोल करून उभे राहायचे. प्रमुख एक आकडा ठरवायचा, मग एकाची पगडी उचलून तिथून मोजायला सुरुवात करायचा. पण माणसं मोजायची नाहीत, असा त्यांचा कायदा. म्हणून प्रत्येकाने बोट पुढे करायचं आणि बोटं मोजायची. आकडा ज्याच्या बोटावर संपला, काम त्याचं. दिवसाला असे चार कुरए निघत. पहिला राखेचा. दुसऱ्यात सकाळच्या कुरबानीची तेरा कामं तेरा जणांत वाटली जायची: जिबह कोण करणार, रक्त कोण घेणार, दिवे कोण साफ करणार, कुठला अवयव कोण नेणार. चौथा कुरआ मांस वर कुरबानगाहवर चढवणाऱ्याचा.

तिसरा कुरआ सगळ्यांत नाजूक. तो धूप जाळणाऱ्याचा.

रोज दोन वेळा, सकाळी आणि दुपार उतरल्यावर, इमारतीच्या आतल्या दालनात सोन्याच्या छोट्या वेदीवर धूप जाळायचा. त्यात लोबान असायचा, आणि त्याच्याबरोबर दुसरे सुगंधी डिंक. हे काम करणारा आत एकटा राहायचा. बरोबर आलेले निखारे ठेवून, सजदा करून मागे निघायचे. बाहेर अंगणात लोक दुआ करत थांबलेले. या कामाचा मान इतका मोठा की तिसऱ्या कुरआसाठी फक्त ज्यांनी धूप कधीच जाळला नाही त्यांनाच बोलवत. म्हणजे साधारणपणे आयुष्यात एकदाच. हजारो खादिमांत अनेकांना तो एक दिवसही मिळाला नसणार.

आता लूकच्या इंजीलमध्ये येतं की जकरिया (अ.स.) यांच्या तुकडीची पाळी होती, धुपाची चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली, आणि त्या दालनात ते एकटे असताना फरिश्ता आला. मिश्नाचा नियम त्याला लावला तर चित्र असं दिसतं: वर्षाला दोन पाळ्या, तारुण्यापासून केस पांढरे होईपर्यंत, प्रत्येक वेळी बोट पुढे करणारा एक माणूस. बोटावर आकडा कधी संपला नाही. आणि संपला तेव्हा म्हातारपण आलं होतं. लावी कबिल्यातल्या बाकीच्या सेवकांना तौरातमध्ये वयाची मर्यादा होती, पन्नाशीनंतर जड काम बंद. हारूनच्या वंशातल्या खादिमांना मात्र वयाची अट नव्हती. शरीरात ऐब नसावा, एवढीच. म्हणूनच इतक्या उतारवयातही त्यांचं बोट मोजणीत होतं.

पोशाख साधा. पांढरा तागाचा अंगरखा, विजार, कमरपट्टा आणि पगडी. पाय अनवाणी. कामाआधी अंगणातल्या हौदावर हात आणि पाय धुणं सक्तीचं. वुजू करणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. रात्रीचा पहारा चोवीस जागी असायचा, तीन जागी खादिम आणि एकवीस जागी लावी. पहाऱ्याचा अंमलदार मशाली घेऊन फिरायचा. एखादा झोपलेला सापडला तर काठीचा फटका, आणि त्याचे कपडे जाळायचीही त्याला मुभा. कुरबानीची जनावरं धरायला जमिनीत चोवीस कड्या होत्या, सुऱ्या ठेवायला कोनाडे. पंधरावी तुकडी होती बिल्गा नावाची. तिच्या हातून काही आगळीक घडली म्हणून तिची कडी जमिनीला कायमची जखडली आणि कोनाडा बंद केला. ती आगळीक काय, यावर यहुदी उलमांमध्येच दोन मतं आहेत. एक म्हणतं ती तुकडी पाळीवर उशिरा आली. शिक्षकाला हे मत जास्त पटतं.

वर्षाचे दोन आठवडे आणि तीन सण सोडले तर उरलेलं वर्षभर खादिम काय करायचे? आपापल्या गावी राहायचे. आणि इथे आपल्या हदीसने एक फार मोलाची गोष्ट जपून ठेवलीय. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलंय की जकरिया सुतार होते. इंजीलमध्ये हे नाही, यहुदी किताबांतही नाही. नबी, हारूनच्या वंशातले खादिम, लोकांच्या पिकाच्या दहाव्या भागात हिस्सा असलेले, आणि तरी हातात रंधा आणि करवत. आपल्याकडे आजही अनेक मुस्लिम घरं सुतारकामावर चालतात. त्या घरांतल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं.

त्यांचा काळ हेरोद राजाचा. इ.स.पू. 37 ते 4 अशी त्याची कारकीर्द. रोमन लोकांच्या पाठिंब्यावर गादीवर बसलेला, हुशार, बांधकामाचा शौकीन आणि तितकाच क्रूर. त्याने बैतुल मुकद्दसची इबादतगाह नव्याने बांधायला घेतली, इ.स.पू. 20 च्या सुमारास. आतल्या भागात खादिमांशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून योसेफसच्या सांगण्यानुसार एक हजार खादिमांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं, आणि आतली इमारत दीड वर्षात उभी राहिली. सुतार असलेले जकरिया (अ.स.) त्या हजारांत होते का, असा सवाल मनात येतो खरा, पण त्याचं उत्तर कुठल्याच किताबात नाही.

इमारत भव्य झाली, पण तिचा आत्मा विकला जात होता. सगळ्यांत वरच्या खादिमाचं पद आयुष्यभराचं आणि वंशपरंपरेचं. हेरोदने ते आपल्या मर्जीवर आणलं. हवा तो नेमायचा, नको तो काढायचा. त्याच्या बायकोचा भाऊ अरिस्तोबुलस जेमतेम सतरा वर्षांचा, त्याला या पदावर बसवलं. सणाच्या दिवशी लोकांनी त्याच्यावर प्रेम दाखवलं, तेव्हा इ.स.पू. 35 च्या सुमारास यरीहोच्या हौदात पोहताना त्याला बुडवून मारलं. पुढे एका मुलीशी लग्न करायचं होतं आणि तिचा बाप तोलामोलाचा नव्हता, म्हणून त्या बापालाच मुख्य खादिम करून टाकलं. मुख्य खादिमाचा आठ वस्त्रांचा पोशाखही सरकारी किल्ल्यात कुलपात. सणाला बाहेर काढायचा, सण झाला की परत जमा. चोवीस तुकड्या मात्र खाली आपापल्या पाळीवर येत होत्या, बोटं पुढे करत होत्या.

जकरिया (अ.स.) यांना मवालींची, म्हणजे आपल्यामागे राहणाऱ्या भाऊबंदांची, भीती वाटत होती असं सूरह मरियममध्ये आलंय. मुफस्सिरांनी तिचा अर्थ दीनची भीती असा लावलाय. आपल्यानंतर ही माणसं दीन सांभाळणार नाहीत, ही चिंता. हेरोदच्या काळाचा इतिहास वाचल्यावर ती चिंता किती खरी होती ते कळतं. पद तर वंशाने मिळतच होतं, खादिमांच्या घरात खादिमच जन्माला येत होते. वंशाने नियत मिळत नव्हती. वारसा मागितला तो मालमत्तेचा की इल्म आणि नबुव्वतचा, यावर आपल्या मसलकांमध्ये जुनी चर्चा आहे. मला तरी सुताराच्या घरात जमीनजुमल्याची काळजी असेल असं वाटत नाही. आणि नबी आपल्यामागे दिनार-दिरहमचा वारसा ठेवत नाहीत, हा हदीसचा मजमून आपल्याला माहीतच आहे.

त्यांच्या बीवीचं नाव कुरआनमध्ये नाही. आपल्या तफसीरांत ते ईशाअ असं येतं, इंजीलमध्ये एलिसाबेत, आणि त्याही हारूनच्या वंशातल्या. बीबी मरियमच्या त्या खाला होत्या असं काही म्हणतात, काही म्हणतात बहीण.

मरियमच्या आईची, इमरानच्या बीवीची, गोष्ट इथेच येते. तफसीरांत त्यांचं नाव हन्ना. त्यांनी पोटातलं बाळ अल्लाहच्या घराच्या खिदमतीला वाहिलं. मनात होता मुलगा. झाली मुलगी. आता वर सांगितलेली सगळी व्यवस्था डोळ्यांपुढे आणा. चोवीस तुकड्या, चार कुरए, एकवीस पहारे, गाणारे, दरवाजे राखणारे. या सगळ्या यादीत मुलीसाठी एकही जागा नव्हती. स्त्रियांना बाहेरच्या अंगणापर्यंत येता यायचं, त्याच्या पुढे वाट बंद. अल्लाहने मात्र ती नजर चांगल्या तऱ्हेने कबूल केली, असं सूरह आले-इमरान सांगते. जी व्यवस्था हारूनच्या मुलांसाठी आखलेली होती, तिच्या मधोमध इमरानची मुलगी येऊन राहिली.

इमरानचं निधन झालं होतं. मुलीला सांभाळायचं कोणी? खिदमत करणाऱ्यांमध्ये झगडा झाला, आणि झगडा नको म्हणून नव्हे, हवा म्हणून. प्रत्येकाला तो मान पाहिजे होता. त्यांनी आपले कलम टाकले. मुफस्सिर लिहितात की हे तौरात लिहिण्याचे कलम होते, वाहत्या पाण्यात टाकले, बाकीच्यांचे वाहून गेले आणि जकरियांचा कलम पाण्यात थांबून राहिला. पाण्याचा तपशील रिवायतीतला, कलम टाकल्याचं आणि झगड्याचं कुरआनमध्ये स्पष्ट आहे, आणि तिथेच रसूलुल्लाह (स.) यांना सांगितलंय की तुम्ही तेव्हा तिथे हजर नव्हता. म्हणजे जे वहीशिवाय कळायला मार्ग नव्हता ते कळवलं जातंय. कुरआ काढून हक्क ठरवणं हे त्या लोकांच्या रोजच्या सवयीतलं होतं, हे आता ध्यानात येईल. रोज पहाटे जे बोटांवर व्हायचं तेच मरियमसाठी कलमांवर झालं. आपल्या फिकहमध्ये कुरआ जायज असल्याचा दाखला देताना उलमा याच आयतीकडे बोट दाखवतात.

जकरिया (अ.स.) यांनी मरियमसाठी इबादतगाहमध्ये एक जागा दिली. कुरआनने तिला मिहराब म्हटलंय. आज मिहराब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशिदीच्या किब्ल्याकडच्या भिंतीतली कमान येते. तेव्हा त्याचा अर्थ इबादतीची खास, मानाची, उंचावरची जागा असा होता. तुर्कस्तानातल्या उस्मानी काळातल्या कितीतरी मशिदींत मिहराबच्या वर हीच आयत, जकरिया मरियमकडे मिहराबमध्ये जातात ती, कोरलेली असते.

तिथे ते जायचे तेव्हा मरियमजवळ खाण्याची चीज दिसायची. तफसीरांत येतं की उन्हाळ्यात हिवाळ्याची फळं आणि हिवाळ्यात उन्हाळ्याची. कुठून आलं असं त्यांनी विचारलं. लहान मुलीने सांगितलं की अल्लाहकडून. कुरआनच्या शब्दरचनेत यानंतर लगेच येतं की तिथेच, त्याच वेळी, जकरियांनी आपल्या रबला पुकारलं. आयुष्यभर इबादतगाहची खिदमत केलेल्या बुजुर्गाला ज्या क्षणी हिंमत आली तो क्षण एका यतीम मुलीच्या जवाबानंतरचा आहे. बेमोसमी फळ येऊ शकतं तर बेमोसमी औलाद का नाही, असा धागा मुफस्सिरांनी जोडून दाखवलाय.

दुआ त्यांनी हळू आवाजात केली. हाडं कमजोर झालीत, डोकं पांढऱ्या केसांनी चमकतंय, हे आधी सांगितलं. मग असं सांगितलं की तुझ्याकडे मागून मी कधी नाउमेद झालो नाही. मग भाऊबंदांची भीती, मग बीवीचं वांझपण, आणि सगळ्यात शेवटी मागणी. मागण्याचा हा क्रम मुलांना दुआ शिकवताना फार उपयोगी पडतो. ते मिहराबमध्ये नमाजला उभे असतानाच फरिश्त्यांनी बशारत दिली. मुलगा होईल, नाव यह्या, आणि या नावाचा कोणी आधी झालेला नाही. आता मात्र त्यांनाच अचंबा वाटला की या वयात कसं. त्यांनी निशाणी मागितली. निशाणी अशी की तीन दिवस, तीन रात्री, धडधाकट असूनही लोकांशी बोलता येणार नाही, फक्त इशारे.

इथे कुरआन आणि लूकची इंजील यांच्यात फरक आहे आणि तो लहान नाही. इंजीलमध्ये त्यांचं बोलणं मुलाच्या जन्मापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, बंद राहतं आणि ती विश्वास न ठेवल्याची सजा म्हणून येते. कुरआनमध्ये ती सजा नाहीच, त्यांनी स्वतः मागितलेली निशाणी आहे, तीन दिवसांची, आणि त्या दिवसांत जिक्र भरपूर करायचा हुकूम आहे. लोकांशी जबान बंद, अल्लाहच्या जिक्रला मोकळी.

मिहराबमधून बाहेर येऊन त्यांनी आपल्या कौमला इशाऱ्याने सांगितलं की सकाळ-संध्याकाळ तस्बीह करत राहा. इबादतगाहमध्ये रोजची कुरबानी आणि धूप यांच्या वेळा सकाळ आणि संध्याकाळ याच होत्या. अंगणात थांबलेल्या लोकांना त्या दोन वेळा पाठ होत्या. धूप आणि कुरबानी पुढे बंद पडली. तस्बीह बंद पडलेली नाही.

यह्या (अ.स.) जन्मले. वंशाच्या हिशेबाने तेही आठव्या तुकडीचे. वयात आल्यावर पगडी घालून मोजणीच्या गोलात बोट पुढे करायचा त्यांचा हक्क होता. पण त्यांची कुठलीही रिवायत त्यांना कुरबानगाहजवळ दाखवत नाही. ते रानात, जॉर्डन नदीच्या काठी, लोकांना तौबाकडे बोलावताना दिसतात. अल्लाहने त्यांना लहानपणीच समज दिली, दिल नरम दिलं, आईबापाशी नेक वागणारं केलं. पुढे हेरोदच्याच मुलाने, अंतिपासने, त्यांना कैद करून मारलं. योसेफसनेही हे नोंदवलंय. मकावर नावाच्या किल्ल्यात, आजच्या जॉर्डन देशात. बापाने वारस मागितला होता. वारस मिळाला, पण त्याने पाळी घेतली नाही, हक्काची बात घेतली.

स्वतः जकरिया (अ.स.) यांच्या अखेरीबद्दल आपल्याकडे वाजांमध्ये एक किस्सा रंगवून सांगतात. झाड दुभंगलं, ते आत लपले, कपड्याचा कोपरा बाहेर राहिला आणि जालिमांनी झाडासकट करवत चालवली. हा किस्सा वहब बिन मुनब्बिह यांच्याकडून आलेला. त्यांच्याच दुसऱ्या रिवायतीत झाडातले ते बुजुर्ग शाया नबी आहेत आणि जकरियांचं निधन नैसर्गिक झालं. इब्न कसीर यांनी दोन्ही नोंदवल्यात. कुरआन आणि सहीह हदीस यावर खामोश आहेत. लहान मुलांपुढे करवतीचा किस्सा सांगण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं. शिवाय बनी इसराईलमध्ये जकरिया नावाचे आणखीही बुजुर्ग होऊन गेले. एकाला राजाच्या हुकुमावरून इबादतगाहच्या अंगणातच दगडांनी मारलं होतं. नावं एक असली की किस्से एकमेकांत मिसळतात.

सीरियातल्या हलब शहराच्या जामा मशिदीत त्यांचा मजार दाखवतात. त्या मशिदीचा जुना मिनार एप्रिल 2013 मध्ये लढाईत कोसळला. दमास्कसच्या उमय्या मशिदीत यह्या (अ.स.) यांचं मकाम आहे. बैतुल मुकद्दसजवळचं ऐन करीम हे गाव ख्रिस्ती लोक यह्यांचं जन्मगाव मानतात. तिथल्या अरब रहिवाशांना 1948 मध्ये गाव सोडावं लागलं.

इ.स. 70 मध्ये रोमन फौजेने इबादतगाह जाळली आणि पाळी घ्यायला जागाच उरली नाही. तरी तुकड्यांची नावं विसरली गेली नाहीत. कुठली तुकडी गलीलच्या कुठल्या गावात जाऊन राहिली, याच्या याद्या दगडावर कोरून यहुदी आपल्या इबादतखान्यांत लावू लागले. अशा एका यादीचे तुकडे 1962 मध्ये कैसरिया इथे सापडले. दुसरी यादी 1970 मध्ये सापडली ती फार दूर, यमनमध्ये, सनाजवळच्या बैतुल हाजिर नावाच्या गावात. जुन्या इबादतखान्याचा खांब असावा तो. आता तो तिथल्या मशिदीत उभा आहे, अर्धा जमिनीत गाडलेला. त्यावर चौथ्या तुकडीपासून पुढची नावं वाचता येतात, आणि त्यात आठवी तुकडी आहे, अबियाहची.